गावाच्या कडेचे घर : एका जाहिरातप्रकाराची भाषा

इंग्लंडमध्ये जुनी जमीनदारी घरे विक्रीस निघतात तेव्हा त्यांच्या जाहिराती ज्या भाषेत लिहिल्या जातात, ती भाषा वाङ्मयाच्या अभ्यासकास सहसा विचारार्ह वाटत नाही. ‘कंट्री लाइफ’ हे साप्ताहिक १८९७ साली निघाले आणि अशा जाहिरातींची पाने हे त्याचे एक ठळक वैशिष्ट्य होऊन बसले. त्या पानांवरील मजकुराचा साचा इतका स्थिर आहे की त्यास एक लघुवाङ्मयप्रकार म्हणण्यास हरकत नसावी. कोणत्याही एका जाहिरातीवरून न घेता, केवळ साच्याची कल्पना यावी म्हणून, त्याचा मराठी सांगाडा असा मांडता येईल : ‘ऐतिहासिक कंट्री हाऊस, द्वितीय श्रेणीत नोंदलेले, गावाच्या कडेला, प्रौढ वृक्षराजी, दक्षिणेकडील उद्यानभूमीच्या दृश्याचा आस्वाद घेणारे, एकूण सुमारे बारा एकर.’ यांपैकी ‘गावाच्या कडेला’ हे दोन शब्द प्रस्तुत विवेचनाचा मुख्य विषय आहेत. ते वरवर पाहता निव्वळ स्थलदर्शक दिसतात. वस्तुतः त्यांत एक मोठा इतिहास दडपला गेलेला आहे, आणि तो कसा दडपला गेला हे व्याकरणाच्या साह्याने दाखविता येते.

प्रथम क्रियापदांकडे पाहावे. या जाहिरातींत पुष्कळ वाक्यांना क्रियापदच नसते. नामे आणि विशेषणे एकापुढे एक मांडलेली असतात. जेथे क्रियापद येते तेथे ते हटकून सचेतन कर्त्याचे असते आणि कर्त्याच्या जागी मात्र घर असते. घर दृश्याचा ‘आस्वाद घेते’, आठ शयनगृहांची ‘फुशारकी मारते’, दरीवर ‘हुकमत चालविते’, झाडांच्या कुशीत ‘विसावते’. इंग्रजी वाचकाला या रूपकांचे रूपकत्व आता जाणवतही नाही. पण त्यांचा एकत्रित परिणाम लक्षणीय आहे. जे जे माणसाने करावयाचे ते सर्व घर करीत असल्यामुळे वाक्यात माणसाला जागाच उरत नाही. घर कोणी बांधले एवढे क्वचित् सांगितले जाते, तेही बांधणारा प्रसिद्ध असेल तर. ते कोणी झाडले, त्याची चूल कोणी पेटविली, त्याच्या भोवतालची बारा एकर जमीन बारा एकरच का उरली, यांपैकी काहीही या वाक्यरचनेत बसू शकत नाही.

विशेषणांपैकी एकाचा उल्लेख येथे पुरे आहे. अशा घरांपैकी अनेकांचे नाव ‘ओल्ड रेक्टरी’ असते. येथे ‘ओल्ड’ याचा अर्थ ‘पुरातन’ असा नसून ‘पूर्वीची’ असा आहे : हे घर एके काळी धर्मोपदेशकाचे निवासस्थान होते, आता नाही. विसाव्या शतकात इंग्लंडच्या चर्चने अशी मोठी घरे मोठ्या प्रमाणावर विकली आणि उपदेशकांसाठी लहान, आधुनिक घरे पत्करली. मराठीतही ‘जुनी कचेरी’, ‘जुना बाजार’ हे प्रयोग याच अर्थाने होतात. परंतु आपल्याकडे ‘जुनी कचेरी’ म्हणणाऱ्याच्या मनात नव्या कचेरीचा ठिकाणा पक्का असतो. जाहिरातीतील ‘ओल्ड’ या शब्दाला असा जोडीदार नसतो. तो गेलेल्या संस्थेचे मोल घराच्या किमतीत मिळवतो आणि संस्था कोठे गेली याविषयी मौन पाळतो.

आता ‘कडेला’ या शब्दाकडे वळू. घर गावाच्या कडेला आहे असे म्हटले म्हणजे गाव आधी होते, त्याची सीमा ठरलेली होती आणि त्या सीमेशी कोणी घर बांधले, असा अर्थ वाचक स्वाभाविकपणेच घेतो. पुष्कळ घरांच्या बाबतीत तो खराही असेल. पण अठराव्या शतकातील काही प्रख्यात घरांच्या बाबतीत क्रम नेमका उलटा आहे. तेथे घर गावाच्या कडेला गेले नाही. गाव घराच्या कडेला नेण्यात आले.

ऑक्सफर्डच्या दक्षिणेस टेम्स नदीच्या काठी न्यूनहॅम कोर्टने हे गाव आहे. पहिला अर्ल हारकोर्ट याने १७५० नंतरच्या दशकात नदीकडे उतरत जाणाऱ्या उंचवट्यावर नवे घर बांधले. घराच्या खिडक्यांतून दिसणाऱ्या देखाव्यात जुने गाव येत होते. १७६०च्या सुमारास ते गाव पाडण्यात आले आणि तेथून दूर, ऑक्सफर्डकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या दुतर्फा, एकसारख्या जोडघरांच्या दोन रांगांत वसविण्यात आले. जुने चर्चही राहिले नाही. त्याच्या जागी १७६४ साली ग्रीक-रोमन मंदिराच्या घाटाचे नवे चर्च उभे राहिले. ते उपासनेसाठी जेवढे होते तेवढेच उद्यानातील शोभेची वस्तू म्हणूनही होते. पुढे उद्यानरचनाकार ब्राउन, ज्याला ‘केपेबिलिटी’ हे टोपणनाव पडले होते, त्याने या भूमीला आणखी आकार दिला.

डॉर्सेट परगण्यातील मिल्टन अॅबस येथे तर एक लहानसे बाजाराचे गावच हलविण्यात आले. लॉर्ड मिल्टन याने आपल्या घरासमोरील मिडल्टन ही वस्ती घरे एकामागून एक ताब्यात घेऊन मोडीत काढली आणि १७८०च्या सुमारास डोंगराच्या आडोशास, घरातून दिसणार नाही अशा घळीत, गवती छपरांच्या सारख्या पांढऱ्या घरांची ओळ उठविली. आज ती ओळ इंग्लंडमधील अत्यंत रमणीय गावांपैकी एक समजली जाते, आणि विस्थापितांसाठी बांधलेली ती घरेही आता ऐतिहासिक म्हणून नोंदलेली आहेत. तेव्हा त्यांपैकी एखादे विक्रीस निघाले तर त्याच्याही जाहिरातीत ‘ऐतिहासिक’ हे विशेषण येणारच. ते खोटे असणार नाही.

या उद्यानांच्या रचनेत ‘हा-हा’ नावाची एक युक्ती असे. घरासमोरील हिरवळ आणि पलीकडचे गुरांचे कुरण यांच्यामध्ये कुंपण न घालता खोल चर खणावयाचा आणि त्याची एक बाजू भिंतीसारखी उभी बांधावयाची. गुरे अलीकडे येऊ शकत नाहीत, पण घरातून पाहणाऱ्यास मध्ये काहीही दिसत नाही; हिरवळ सलग कुरणात मिसळल्यासारखी भासते. जेन ऑस्टेनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’मध्ये सॉदर्टन येथील अशा चराला केवढे नैतिक वजन आलेले आहे हे त्या कादंबरीच्या वाचकास सांगावयास नको. जाहिरातीतील ‘कडेला’ हा शब्द भाषेच्या पातळीवर हेच काम करतो. सीमा आहे, कामही करीत आहे, पण दिसत नाही.

समकालीन कवींना मात्र ती दिसत होती. ऑलिव्हर गोल्डस्मिथचे ‘द डेझर्टेड व्हिलेज’ हे काव्य १७७० साली प्रसिद्ध झाले. त्यातील ऑबर्न हे गाव नेमके कोणते याविषयी वाद आहे. कोणी आयर्लंडमधील कवीच्या बालपणीच्या लिसॉय गावाकडे बोट दाखवितात, कोणी न्यूनहॅमकडे. हा वाद येथे सोडवावयाचे कारण नाही. लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, जोशुआ रेनल्ड्सला लिहिलेल्या अर्पणपत्रिकेत गोल्डस्मिथने आपण चारपाच वर्षे गावोगाव हिंडून या उजाडण्याची खात्री करून घेतली असल्याचे बजाविले आहे, आणि १७६२ मधील एका गद्य निबंधातही त्याने याच विषयाला हात घातला होता. म्हणजे ही केवळ स्मरणरंजनाची कविता नव्हे. तिच्यामागे साक्ष देण्याची इच्छा आहे. तिचा मोठा दोष असा की साक्षीदार असूनही कवी गावकऱ्यांना फार गोड करून टाकतो. ऑबर्नमध्ये भांडण नाही, कर्ज नाही, घाण नाही. ज्या गावात काहीच खुपत नाही ते गाव जमीनदाराच्या उद्यानाइतकेच आखीव होते. तरीही कर्ता कोण हे सांगण्यात गोल्डस्मिथ कचरत नाही. श्रीमंताने आपल्या तळ्यासाठी, उद्यानासाठी, घोड्यांसाठी आणि शिकारी कुत्र्यांसाठी अनेकांची जागा व्यापली, असे तो सकर्मक क्रियापदांत म्हणतो.

याउलट विल्यम व्हाइटहेड या राजकवीने न्यूनहॅमच्या स्थलांतरावर जे पद्य रचले त्याचा सूर धन्याच्या औदार्याची वाखाणणी करणारा आहे. व्हाइटहेडचे हारकोर्ट घराण्याशी जुने संबंध होते, ही गोष्ट टीकाकारास दुर्लक्षिता येत नाही. आजच्या जाहिरातीचा पूर्वज शोधावयाचा झाल्यास तो गोल्डस्मिथमध्ये नव्हे, व्हाइटहेडमध्ये सापडेल.

तथापि जाहिरात नेहमीच अशी विसरभोळी होती असे समजणे चुकीचे ठरेल. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मोठी इस्टेट लिलावास निघे तेव्हा विक्रीचा तपशील सांगणारी छापील पत्रिका काढीत. तीत जमिनीचे तुकडे क्रमांकवार दिलेले असत. एकर, रूड आणि पर्च या मापांत क्षेत्र, वार्षिक खंड, आणि प्रत्येक झोपडीच्या व शेताच्या पुढे ते कोणाच्या वहिवाटीत आहे त्याचे नाव. कुळांची नावे येथे काही आदराने आलेली नसत. खंड देणारा माणूस हे त्या मालमत्तेचे एक उत्पन्नाचे अंग, म्हणून त्याचा उल्लेख. हिशेब कठोर होता. पण त्या कठोर हिशेबातच गाव शाबूत राहिले आहे, आणि आज स्थानिक इतिहासाचे अभ्यासक या पत्रिकांकडे वळतात ते त्यामुळेच. इस्टेटीचे तुकडे होऊन घर एकटे उरले, कुळे गेली, तेव्हा नावांचे कारणच संपले. त्या रिकाम्या जागी विशेषणे आली.

विशेषणांची हौस मात्र जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जॉर्ज रॉबिन्स हा लिलावदार आपल्या फुलोऱ्याच्या भाषेसाठी गाजलेला होता. होरेस वॉल्पोलच्या स्ट्रॉबेरी हिल येथील संग्रहाचा १८४२ मधील लिलाव त्यानेच केला. एका घराचे दोनच दोष त्याने प्रामाणिकपणे कबूल केले, गुलाबपाकळ्यांचा पडणारा कचरा आणि नाइटिंगेल पक्ष्यांचा गोंगाट, अशी आख्यायिका त्याच्याविषयी सांगतात. ती खरी असो वा नसो, त्या धंद्यातील अलंकारशास्त्राचे मर्म तीत उतरले आहे.

ही घरे विक्रीस का निघू लागली हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पूर्वी पुष्कळ इस्टेटी पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवस्थापत्रांनी बांधलेल्या असत आणि हयात धन्यास त्या मोडता येत नसत. १८८२च्या ‘सेटल्ड लँड अॅक्ट’ने ही अडचण दूर केली. १८७०नंतर शेतमालाचे भाव कोसळलेले होते. १८९४ मध्ये मृताच्या मालमत्तेवरील नवा कर आला. दोन महायुद्धे झाली. विसाव्या शतकात शेकडो घरे पाडली गेली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अॅल्बर्ट संग्रहालयाने १९७४ साली या विध्वंसावर एक प्रदर्शनच भरविले, आणि त्यानंतर ही घरे राष्ट्राचा ठेवा होत ही भावना दृढ झाली. १९४७ मध्ये नगररचनेच्या कायद्याने जुन्या इमारतींच्या सूचीला बळकटी आली होती. तीतील श्रेणी जाहिरातीत पदवीसारखी मिरविली जाते. खरे तर ती प्रथमतः मालकावरील बंधनाची खूण आहे.

या पार्श्वभूमीवर जेन ऑस्टेनच्या ‘पर्स्वेजन’ या कादंबरीतील आरंभीची प्रकरणे वाचावीत. (ती १८१७च्या अखेरीस, लेखिकेच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली.) सॉमरसेटमधील केलिंच हॉलचा धनी सर वॉल्टर एलियट कर्जात बुडाला आहे. इस्टेटीचा विकता येण्याजोगा भाग थोडा आहे आणि तोही विकण्यास तो तयार नाही. तेव्हा घर भाड्याने देणे हाच मार्ग उरतो. या प्रसंगातील सर्व नाट्य शब्दांच्या निवडीत आहे, हे टीकाकारांनी जितके सांगावयास हवे तितके सांगितलेले नाही. काटकसरीच्या अटी पाहून सर वॉल्टर चिडतो आणि असे राहण्यापेक्षा घर सोडलेले बरे असे उद्गारतो. त्याचा कारभारी मिस्टर शेपर्ड हा ‘सोडणे’ शब्द लगेच उचलतो, कारण ‘भाड्याने देणे’ हा शब्द त्याच्याने उच्चारवला नसता. ‘जाहिरात’ हा शब्द शेपर्डने एकदा काढून पाहिला, पुन्हा त्याच्या वाटेस गेला नाही. घर देऊ केले जात आहे अशी कुणकुणही कोणास लागता कामा नये. कोणी निर्दोष गृहस्थाने आपण होऊन विनंती करावी आणि सर वॉल्टरने मोठी मेहेरबानी म्हणून ती मान्य करावी, असा बेत ठरतो. शेपर्ड हा वकील असला तरी वृत्तीने तो आधुनिक दलालाचा आदिपुरुष आहे : व्यवहार तोच ठेवून त्याचे नाव बदलणे हे त्याचे कौशल्य.

मग अॅडमिरल क्रॉफ्ट आणि त्याची पत्नी येतात. घर, अटी आणि कर यांविषयी नवऱ्यापेक्षा अधिक प्रश्न मिसेस क्रॉफ्ट विचारते. कादंबरीतील ही एक फार सूचक योजना आहे. घराकडे पदवी म्हणून न पाहता वास्तू म्हणून पाहणारी भाषा एका समुद्रावर फिरलेल्या स्त्रीच्या तोंडी येते. सर वॉल्टरच्या पोशाखाच्या खोलीतील मोठाले आरसे अॅडमिरल हलवून टाकतो, यावरील विनोद सर्वांस परिचित आहे.

परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाच्या दोन लहान जागा आहेत. केलिंच सोडताना सर वॉल्टर खिन्न होऊन निरोपास येतील अशा कुळांसाठी आणि झोपडीवासीयांसाठी कृपापूर्ण मस्तक झुकविण्याची तयारी करून निघतो. आणि त्या लोकांनी समोर यावे अशी सूचना त्यांना आधीच पोचली असावी असे लेखिका सहज सुचवून जाते. त्याच वेळी त्याची मुलगी अॅन काय करीत होती हे आपल्याला नंतर, बहिणीशी होणाऱ्या तिच्या बोलण्यातून, ओझरते कळते. ती त्या पॅरिशमधील जवळजवळ प्रत्येक घरी निरोप घेण्यास गेलेली असते. लोकांची तशी अपेक्षा होती असे तिने ऐकलेले असते. तिच्या भेटींचे वर्णन कादंबरीत नाही. कोणत्याही झोपडीचे दार उघडत नाही, कोणाचे नाव येत नाही. ऑस्टेनच्या कलेची मर्यादा येथे आहे असे कोणी म्हणेल, आणि ते अंशतः खरे आहे. पण गाव म्हणजे देखावा नसून ज्यांचा निरोप घ्यावा लागतो अशा माणसांचा समूह आहे, हे या एका वाक्याने प्रस्थापित होते. पुढे क्रॉफ्ट दांपत्याच्या ताब्यातील केलिंच पाहून अॅनला वाटते की, ज्यांची राहण्याची पात्रता नव्हती ते गेले आणि घर धन्यापेक्षा चांगल्या हाती पडले. या निर्णयाचा तिला अधिकार पोचतो, कारण घराचा हिशेब ती गावासकट मांडते.

याच कादंबरीत अपरक्रॉस गावातील एका शेतघराचे रूपांतर तरुण वारसदारासाठी ‘कॉटेज’मध्ये केलेले आहे, आणि त्याला वरांडा आहे. ‘कॉटेज’ हा गरिबाच्या घराचा शब्द श्रीमंताच्या हौसेत कसा चढला याचा हा नेमका पुरावा. ‘वरांडा’ तर इंग्रजीत हिंदुस्थानातून गेलेला शब्द. त्याचे मूळ पोर्तुगीज की हिंदी यावर कोशकारांनी बरेच लिहिले आहे.

मराठी अनुवादकापुढे यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो. ‘कंट्री हाऊस’ला ‘वाडा’ म्हणण्याची सवय सोयीची असली तरी ती दिशाभूल करणारी आहे. वाडा हा संस्कृत ‘वाट’, म्हणजे कुंपण घातलेली जागा, यापासून आलेला; पाटीलवाडा आणि महारवाडा ही दोन्ही नावे त्यानेच घडविली. वास्तू म्हणून वाडा वस्तीत असतो, बाहेरच्या अंगास जवळजवळ आंधळा असतो आणि आपल्या चौकाकडे पाहतो. इंग्रजी घर बाहेर पाहते. पाहण्यासाठीच ते तेथे बांधलेले असते. वाड्याच्या शेजारी घरे असतात. आपल्या खरेदीखतात तर मिळकतीची ओळखच चतुःसीमेने पटते : पूर्वेस अमुक यांचे घर, दक्षिणेस सरकारी रस्ता, पश्चिमेस तमुक यांचा गोठा. जुन्या इंग्रजी दस्तांतही शेजाऱ्यांच्या उल्लेखाने सीमा सांगण्याची पद्धत होती. जाहिरातीत नेमकी तीच गळते. शेजारी नसणे हाच तेथे गुण.

‘गावाच्या कडेला’ याचे भाषांतर करताना अडचण आणखी वाढते. ‘वेशीवर’ म्हटले तर दरवाजा, चौकी, येणाजाणारे डोळ्यांपुढे येतात. ‘शिवेवर’ म्हटले तर शेतांची हद्द होते. आणि ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द तर मराठी वाचकापुढे उच्चारताच कोणाला कोणी बाहेर ठेवले हा प्रश्न घेऊन येतो. ज्यांना गावाने कामापुरते आत घेतले आणि वस्तीपुरते बाहेर ठेवले, त्यांची जागा ती. दलित साहित्याने १९६०नंतर त्या शब्दातील सकर्मक क्रिया इतकी उघडी केली की तो पुन्हा केवळ स्थलदर्शक होऊ शकत नाही. इंग्लंडमध्ये कडेला असणे ही धन्याची निवड होती. महाराष्ट्रात ती वस्तीवर लादलेली शिक्षा होती. दोन्ही ठिकाणी अंतर माणसांनीच निर्माण केले. फरक असा की मराठी शब्दाला ते आठवते.

म्हणून ‘गावालगत’ हा सौम्य पर्याय, जो कोशात पाहून प्रथम सुचतो, तो गोल्डस्मिथ वा ऑस्टेन यांच्या अनुवादात वापरणे गैर ठरेल. दलालाच्या पत्रिकेचा अनुवाद करावयाचा असल्यास मात्र तोच योग्य, कारण मुळातील टाळाटाळ त्यात जशीच्या तशी उतरते. वाङ्मयीन कृतीत घराचा उल्लेख ‘कंट्री हाऊस’ असाच ठेवावा आणि स्थान सांगताना ‘गावापासून तोडून बांधलेले’ अशी क्रिया दाखविणारी रचना योजावी. न्यूनहॅमच्या बाबतीत तर ‘ज्याच्यासाठी गाव उठविले ते’ असेच लिहावे लागेल. वाक्य लांबेल, आणि ‘कोणी उठविले’ हे पुढच्या वाक्यात सांगणे भाग पडेल.